विमानतळावरील सेवावाहनांची देखभाल : लॉगबुकाऐवजी ॲप आणायचे, तर सुरुवात कोठून करावी?

एप्रनवासी

नमस्कार मंडळी. एका ग्राउंड हँडलिंग (विमानांना जमिनीवरील सेवा पुरवणाऱ्या) कंपनीच्या वर्कशॉपमध्ये देखभालीच्या नियोजनाचे काम माझ्याकडे आहे. ताफ्यात पुशबॅक ट्रॅक्टर (विमान मागे ढकलणारे), बॅगेज ट्रॅक्टर, बेल्ट लोडर (पट्ट्यावरून बॅगा विमानात चढवणारे), कंटेनर लोडर, प्रवासी जिने, जीपीयू (उभ्या विमानाला वीज देणारे यंत्र), एअर स्टार्ट युनिट (दाबाच्या हवेने विमानाचे इंजिन सुरू करून देणारे), पाण्याच्या आणि शौचालय-सेवेच्या गाड्या असे सगळेच आहे; काही यंत्रे कोरी करकरीत, तर काही माझ्याही आधी नोकरीला लागलेली. आजवर सर्व्हिसिंगचे नियोजन एका अवाढव्य स्प्रेडशीटवर आणि बिघाडांची नोंद प्रत्येक यंत्राच्या लॉगबुकात, अशी पद्धत चालत आली आहे. आता व्यवस्थापनाने देखभालीचे सॉफ्टवेअर घेण्याचे निश्चित केले असून, त्याची मांडणी कशी असावी हे सुचवण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे.

माझे प्रश्न दोनच आहेत. पहिला, सर्व्हिसिंगची वेळ कोणत्या मापाने ठरवावी: इंजिनाचे तास, किलोमीटर की दिनदर्शिका? दुसरा, चालकाला जाणवलेली कुरबुर वर्कशॉपपर्यंत त्याच पाळीत कशी पोहोचवावी? विक्रेत्यांच्या प्रात्यक्षिकांत रंगीत आलेख पुष्कळ होते. मात्र ‘ब्रेक उशिरा लागतात’ हे रात्रपाळीतला चालक कोणाला आणि कसे सांगणार, असे विचारल्यावर प्रत्येक जण पुढच्या स्लाइडकडे वळला.

वाचनमात्र

विषय नवा आहे. रुमाल टाकून ठेवतो.

जुना फोरमन

सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी यंत्रांची यादी शुद्ध करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक वर्कशॉपमध्ये एकाच बेल्ट लोडरला तीन ओळखी असतात: खरेदीखात्याचा मालमत्ता क्रमांक, अंगावर रंगवलेला ताफा क्रमांक आणि चालकांनी ठेवलेले टोपणनाव. लॉगबुकात टोपणनाव, भांडारात मालमत्ता क्रमांक आणि सर्व्हिसिंगच्या तक्त्यात ताफा क्रमांक असेल, तर संगणकाला ती तीन यंत्रे वाटणार आणि एकाच यंत्राचा इतिहास तीन तुकड्यांत विभागला जाणार. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणूनच ते विक्रेत्याच्या माणसाकडे सोपवू नये. प्रत्येक यंत्रापाशी स्वतः जाऊन चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक आणि अवर मीटरचा (इंजिन किती तास चालले ते मोजणाऱ्या मीटरचा) आकडा उतरवून घ्यावा.

मापाबद्दल सांगायचे तर, किलोमीटर जवळजवळ विसरावेत. बेल्ट लोडर दिवसभरात एका स्टँडवरून (विमान उभे करण्याच्या जागेवरून) शेजारच्या स्टँडवर जातो. त्याचे चाक फारसे फिरत नाही, पण इंजिन आणि हायड्रॉलिक पंप चालूच असतात. जीपीयू तर जागचे हलतही नाही. इंजिन ऑइल आणि फिल्टर तासांवर बदलावेत. उत्पादकाच्या पुस्तिकेत २५० किंवा ५०० तास असे काहीतरी दिलेले असते. हायड्रॉलिक होज (दाबाखालचे तेल वाहणाऱ्या रबरी नळ्या) मात्र यंत्र उभे असले तरी म्हातारे होतात. उन्हापावसात उभ्या असलेल्या लोडरचा होज तास भरले नाहीत म्हणून बदलायचा राहिला आणि एके दिवशी स्टँडवर तेलाचे तळे झाले, हे पुष्कळांनी पाहिले असेल. त्यासाठी होजवर छापलेली उत्पादनाची तारीखच नोंदवावी लागते.

संगणकीय

फोरमन साहेबांशी यादीबाबत पूर्ण सहमत. मापाबाबत एक भर घालतो. प्रत्येक घटकाला एकापेक्षा जास्त घड्याळे लावता आली पाहिजेत आणि ‘यांतील जे आधी येईल ते’ हा नियम सॉफ्टवेअरला समजला पाहिजे. जिन्यांसाठी किंवा कंटेनर लोडरसाठी तर वर-खाली होण्याच्या आवर्तनांची मोजणी हे तिसरे घड्याळ ठरते, कारण झीज होते ती उचलयंत्रणेची.

आकडे हाताने भरून घेण्यापेक्षा टेलिमॅटिक्स (यंत्रावरची माहिती आपोआप दूर पाठवणारे उपकरण) बसवावे, असे मी सुचवेन. अलीकडच्या डिझेल यंत्रांत इंजिनाचा संगणक जे-१९३९ या प्रमाणानुसार कॅन बसवर (यंत्रातील संगणकांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यावर) बोलतो. त्यातून इंजिनाचे एकूण तास, कूलंटचे तापमान, ऑइलचा दाब हे सारे थेट मिळते. बिघाडाचा संकेत दोन आकड्यांचा असतो: एसपीएन म्हणजे कोणती गोष्ट आणि एफएमआय म्हणजे तिला काय झाले आहे. हा भेद समजून घेतला, तर निम्मी धावपळ वाचते. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब. त्याच्यासोबत एफएमआय १ आला, तर दाब खरोखरच धोक्याच्या पातळीखाली आहे आणि इंजिन तत्काळ बंद करायला हवे. त्याच एसपीएनसोबत एफएमआय ४ आला, तर सेन्सरच्या परिपथातील व्होल्टेज कमी आहे किंवा वायर यंत्राच्या सांगाड्याला टेकून शॉर्ट झाली आहे. इंजिन बहुधा ठणठणीत असते. स्वस्त प्रणाल्या दोन्हींसाठी ‘ऑइल प्रेशर फॉल्ट’ असा एकच लाल ठिपका दाखवतात. तो ठिपका पाहून मेकॅनिक एकदा-दोनदा विनाकारण धावत गेला, की तिसऱ्यांदा जात नाही. आणि नेमका तोच इशारा खरा असतो.

एप्रनवासी

हे एसपीएन-एफएमआयचे प्रकरण विक्रेत्यांना आवर्जून विचारीन. अडचण अशी की आमच्या निम्म्या ताफ्याला कॅन बस ही काय चीज आहे हेच ठाऊक नाही. यांत्रिक फ्युएल पंपाची जुनी इंजिने आहेत. त्यांचे काय?

तारेवरची कसरत

त्यांचेही तास मोजता येतात, फक्त तार कोठून घ्यावी याचा विचार करावा लागतो. अनेक ठिकाणी टेलिमॅटिक्स बसवणारा माणूस सोय म्हणून चावीच्या सर्किटवर तार जोडतो आणि निघून जातो. मग चावी ‘ऑन’ ठेवून कोणी केबिनमध्ये दिव्याखाली बसून राहिला, तरी इंजिनाचे तास वाढत जातात. त्याऐवजी अल्टरनेटरच्या डी-प्लस टोकावरून तार घ्यावी. अल्टरनेटर फिरून चार्जिंग देऊ लागल्यावरच तेथे व्होल्टेज येते, म्हणजे इंजिन खरोखर चालू असल्याची खात्री होते. चावीची तारही वेगळ्या इनपुटवर जोडावी. दोन्हींमधील फरक पाहिला, तर बॅटरी रोज का उतरते याचे उत्तर बहुधा तिथेच मिळते.

जीपीयूसाठी आणखी एक सूचना. त्याचे इंजिन चालू असणे आणि त्याच्यावर विमानाचा भार असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झचा पुरवठा रिकाम्या अवस्थेत अगदी सरळ दिसतो. भार पडल्यावर व्होल्टेज बसते, विमानाची संरक्षक यंत्रणा ते स्वीकारत नाही आणि चालक सांगतो की ‘मशीन चालू आहे, पण विमान घेत नाही’. म्हणून इंजिनाचे तास आणि भारावरचे तास दोन्ही नोंदवावेत आणि नियतकालिक तपासणी लोड बँकेवर (विमानाऐवजी कृत्रिम भार देणाऱ्या उपकरणावर) करावी. केबलच्या टोकाच्या प्लगचे झिजलेले संपर्क हे तर कोणत्याही टेलिमॅटिक्सला दिसत नाहीत. ते डोळ्यांनीच पाहावे लागतात.

सौदामिनी

विजेवर चालणाऱ्या ताफ्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहिते. बॅगेज ट्रॅक्टरची लेड-ॲसिड ट्रॅक्शन बॅटरी ८० व्होल्टची असेल, तर तिच्यात २ व्होल्टचे ४० सेल असतात आणि त्यांतील एक आजारी सेल सगळ्यांना खाली ओढतो. एकूण व्होल्टेज पाहून तो सापडत नाही. त्यामुळे ठरावीक काळाने प्रत्येक सेलचे व्होल्टेज आणि विशिष्ट गुरुत्व मोजून, ते सेलच्या क्रमांकासह नोंदवण्याची सोय ॲपमध्ये असावी. ‘बॅटरी तपासली’ या एका खुणेला काहीही अर्थ नसतो.

पाणी भरण्याचा क्रमही जॉब कार्डवर (मेकॅनिकला दिलेल्या कामाच्या पत्रकावर) स्पष्ट लिहावा. डिस्टिल्ड पाणी चार्जिंग पूर्ण झाल्यानंतर भरायचे असते, कारण चार्ज होताना द्रावणाची पातळी वर येते; आधीच काठोकाठ भरले, तर आम्ल बाहेर उतू जाते आणि ट्रे कुजतो. प्लेटा उघड्या पडल्या असतील तेव्हा मात्र त्या झाकण्यापुरते पाणी आधी घालावे. लिथियम बॅटऱ्यांना पाण्याची कटकट नाही आणि त्यांची बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) स्वतःच माहिती देते, पण ती माहिती वाचण्याचा परवाना आणि केबल उत्पादकाकडे अडकलेली नाही ना, हे खरेदीच्या वेळीच करारात पाहून घ्यावे. यंत्र आपले आणि त्याची माहिती दुसऱ्याची, अशी अवस्था नंतर फार जाचक ठरते.

पाळीप्रमुख

आता धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू या, कारण आतापर्यंतचे सारे प्रतिसाद वर्कशॉपच्या खिडकीतून लिहिलेले आहेत. मी एप्रनवर, म्हणजे विमाने उभी असतात त्या मोकळ्या भागात, काम करतो. आमच्याकडे ॲप आले, तेव्हा वापरापूर्वीच्या तपासणीची यादी एवढी लांब होती की चालकाने ती प्रामाणिकपणे भरली असती, तर विमान येऊन निघूनही गेले असते. साहजिकच सगळे जण वरपासून खालपर्यंत ‘ठीक’ दाबत सुटले. टायर, ब्रेक, पार्किंग ब्रेक, दिवे, आपत्कालीन बंद बटण, विमानाला टेकणारे रबरी बंपर आणि गळती, एवढे पाहिले तरी एका बेल्ट लोडरसाठी पुरेसे आहे. जिन्याची यादी वेगळी, पुशबॅकची वेगळी. सर्वांना एकच फॉर्म देणे हा निव्वळ आळस आहे.

दुसरी बाब भाषेची. चालक ‘ब्रेक सर्किट निष्प्रभ’ असे कधीच लिहिणार नाही. तो ‘पेडल खाली जातंय’ असे म्हणतो, आणि मेकॅनिकला त्यातूनच अधिक कळते. त्यामुळे ॲपमध्ये बोलून नोंद करण्याची आणि फोटो जोडण्याची सोय असावी; गळतीचा एक फोटो दहा वाक्यांचे काम करतो.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे उत्तर. चालकाने नोंद केली आणि पुढे काय झाले हे त्याला कधीच कळले नाही, तर तो पुन्हा नोंद करत नाही. तो ते यंत्र गुपचूप कोपऱ्यात उभे करून दुसरे घेतो. मग पुढच्या पाळीचा माणूस तेच यंत्र घेऊन विमानाकडे जातो. लॉगबुकातही हा दोष होताच, पण निदान पुढचा चालक मागचे पान वाचत असे. ॲपमध्ये क्यूआर कोड स्कॅन केल्याबरोबर त्या यंत्राच्या सध्या उघड्या असलेल्या तक्रारी समोर आल्या पाहिजेत. अनेक प्रणाल्यांत चालकाला फक्त कोरा फॉर्म दिसतो.

जुना फोरमन

पाळीप्रमुखांचा प्रतिसाद भिंतीवर लावण्याजोगा आहे. फक्त एक सांगतो: क्यूआरचे स्टिकर उन्हाने, धुण्याच्या पाण्याने आणि ग्रीसने लवकरच वाचेनासे होते. धातूच्या कोरीव पट्टीवर करून घ्यावे, किंवा एनएफसीचा टॅग (मोबाइल जवळ नेला की वाचला जाणारी चकती) केबिनच्या आत बसवावा.

संगणकीय

यावर तांत्रिक उपाय उपलब्ध आहे. चालकाने कार्ड लावल्याशिवाय यंत्र सुरू होऊ नये, त्या यंत्राचा परवाना संपलेल्या माणसाला ते सुरू करता येऊ नये आणि गंभीर बिघाडाची नोंद उघडी असेल, तर ते कोणालाच सुरू करता येऊ नये. मग कोपऱ्यात उभे केलेले यंत्र चुकून उचलले जाण्याचा प्रश्नच मिटतो.

पाळीप्रमुख

मिटत नाही, नवा उभा राहतो. बेल्ट लोडर विमानाच्या कार्गो दरवाजाला लावलेला आहे, पट्ट्यावर बॅगा आहेत आणि चालकाने नियमाप्रमाणे काही क्षण इंजिन बंद केले आहे, असे समजा. तेवढ्यात वर्कशॉपमधून कोणीतरी त्या यंत्रावर ‘गंभीर’ अशी खूण केली. आता ते सुरूच होत नाही. म्हणजे विमान आणि लोडर दोघेही अडकले. कुलूप लावायचेच असेल, तर चालू यंत्र ते कधीही बंद करणार नाही आणि विमानाला लागलेले यंत्र मागे घेण्यापुरती मुभा राहील, अशी त्याची रचना हवी. शिवाय मेटल शेडमध्ये किंवा टर्मिनलच्या खालच्या मजल्यावर नेटवर्क नसते. तेथे सर्व्हरशी बोलल्याशिवाय सुरू न होणारे यंत्र रोज तमाशा करील.

संगणकीय

मुद्दा मान्य. पुढच्या स्टार्टला लागू होणारे कुलूप, पर्यवेक्षकाचा आपत्कालीन कोड आणि त्या कोडच्या प्रत्येक वापराची आपोआप नोंद, एवढी जोड दिली पाहिजे. परवान्यांची यादीही यंत्रातल्या मॉड्यूलमध्ये साठवता येते, त्यामुळे नेटवर्क नसले तरी चालते. मोबाइल ॲपसाठी मात्र ऑफलाइन नोंद ही ऐच्छिक सोय न मानता अनिवार्य अट म्हणून लिहावी. आणि हो, जीपीएसवर फार विसंबू नये. टर्मिनलच्या भिंतींवरून आणि विमानांच्या धातूच्या अंगावरून संदेश परावर्तित होतात. यंत्र शेजारच्या स्टँडवर दिसणे अगदी सामान्य आहे.

आवर्जून सांगतो

आमचा एक जिना नकाशावर नेहमी धावपट्टीवर दिसतो. तो अजून उडालेला नाही, एवढेच समाधान.

लेखापरीक्षक

तपासनीसाच्या बाजूने दोन शब्द. आयएटीए या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा आयसागो हा ग्राउंड ऑपरेशन्सचा सुरक्षा लेखापरीक्षण कार्यक्रम २००८ पासून चालू आहे. युरोपीय संघानेही २०२५ मध्ये ग्राउंड हँडलिंगसाठी स्वतंत्र नियम प्रसिद्ध केले असून ते २०२८ पासून लागू होणार आहेत. या सर्वांत उपकरणांच्या देखभालीच्या नोंदी पाहिल्या जातात, परंतु नोंद कागदावर आहे की संगणकावर याने मला स्वतःला काही फरक पडत नाही. मी एप्रनवर फिरताना समोर दिसलेल्या एखाद्या यंत्राचा क्रमांक टिपतो आणि कार्यालयात येऊन त्याचा इतिहास मागतो. बिघाड कोणी नोंदवला, यंत्र सेवेतून केव्हा काढले, कोणता भाग बदलला, दुरुस्तीनंतर चाचणी कोणी घेतली आणि सेवेत परत कोणी सोडले, एवढी साखळी अखंड दिसली की माझे समाधान होते.

संगणकीय नोंदींचा एक गुण असा की त्या लपवाछपवी उघडी पाडतात. महिन्याभराची जॉब कार्डे एकाच दुपारी, एकाच माणसाच्या लॉगिनवरून, मिनिटा-मिनिटाच्या अंतराने बंद केलेली आढळली, तर पुढचे प्रश्न विचारावेच लागत नाहीत. कागदावर हेच काम वेगवेगळ्या शाईच्या पेनांनी फार सफाईदारपणे होत असे.

जुना फोरमन

पेनांबद्दलचा उल्लेख वैयक्तिक समजून घेत नाही. :)

डॉलीवाला

सगळी चर्चा इंजिन असलेल्या यंत्रांची चालली आहे. बहुतेक ताफ्यांत संख्येने जास्त असतात त्या डॉली (कंटेनर वाहणारे बिनइंजिनाचे गाडे), ट्रॉली आणि टो-बार (ट्रॅक्टर आणि विमान जोडणारे दांडे). त्यांना अवर मीटर नाही, चावी नाही, चालक नाही आणि म्हणून मालकही नाही. डॉलीचा कंटेनर अडवणारा लॉक मोडलेला असतो, ओढण्याच्या दांड्याची पिन झिजलेली असते, ब्रेक नावालाच उरलेला असतो. पण यंत्रणेच्या पडद्यावर सगळे हिरवेगार, कारण त्यांचा यंत्रणेत समावेशच नसतो.

टो-बारचे उदाहरण घ्या. त्यातली शिअर पिन मुद्दाम ठरावीक बलाला तुटेल अशी बनवलेली असते, म्हणजे ओढताना किंवा वळवताना जोर प्रमाणाबाहेर गेला, तर पिन तुटते आणि विमानाचा नोज गिअर (पुढच्या चाकाचा पाय) वाचतो. भांडारात योग्य पिन नाही म्हणून कोणी तेथे हाताशी असलेला कडक पोलादाचा बोल्ट घातला, तर टो-बार कधीच तुटणार नाही आणि सगळा भार नोज गिअरवर जाईल. बाहेरून पाहता हा फरक बोल्टच्या डोक्यापुरताच. म्हणून प्रत्येक टो-बारला स्वतःचा क्रमांक, कोणत्या विमानप्रकारासाठी आहे त्याची नोंद, पिनचा भागक्रमांक आणि पिन बदलल्याची प्रत्येक तारीख ॲपमध्ये असावी. पिन वारंवार बदलली जात असेल, तर दोष टो-बारमध्ये नसून पुशबॅकच्या पद्धतीत आहे, हेही त्यातूनच उघड होते.

एप्रनवासी

डॉलीवाला यांचे विशेष आभार. आमच्या यादीत टो-बार आहेत, परंतु ‘टो-बार, नग’ असे एकत्रित. क्रमांक एकालाही नाही.

लेखापरीक्षक

थोडेसे अवांतर, पण संबंधित. आयएटीएने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार जमिनीवर विमानांना होणाऱ्या नुकसानीचा जागतिक खर्च २०३५ पर्यंत वर्षाला सुमारे १० अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकतो. त्यावरचा उपाय म्हणून टक्कर टाळणारे सेन्सर असलेल्या सुधारित उपकरणांचा आग्रह धरला जात आहे. आता असा बेल्ट लोडर ताफ्यात आला, की त्याच्या सेन्सरची देखभालही तुमच्याकडेच येते. लेन्सवर धूळ बसली की तो विनाकारण ब्रेक लावतो. मग चालक बायपासचा स्विच शोधतो. बायपास किती वेळा वापरला गेला ही आकडेवारी मिळत असेल, तर दर आठवड्याला अवश्य पाहावी. मी तीच प्रथम मागतो.

पाळीप्रमुख

आणि बायपास वापरणाऱ्या चालकाला बोलावण्याआधी लेन्स पुसलेली होती का, हे वर्कशॉपला विचारावे.

तारेवरची कसरत

हाताने भरलेल्या आकड्यांबाबत एक छोटी पण उपयुक्त अट राहिली. अवर मीटरचा नवा आकडा मागच्यापेक्षा कमी असेल किंवा एका दिवसात २४ पेक्षा जास्त तासांची वाढ दाखवत असेल, तर ॲपने तो स्वीकारू नये. एक शून्य जास्त पडले, की पुढच्या सगळ्या सर्व्हिसिंगच्या तारखा कोलमडतात. मीटर बदलला, तर जुन्या मीटरचा शेवटचा आकडा बेरजेत धरण्याची सोय असावी; नाहीतर जुनाट ट्रॅक्टर एका रात्रीत नवा कोरा होतो.

एप्रनवासी

सर्वांचे प्रतिसाद पुन्हा एकदा वाचून काढले आणि व्यवस्थापनाला द्यायचा मसुदा बदलला. आधी यादी, क्रमांक आणि मीटरचे आकडे. टो-बार आणि डॉली धरून. त्यानंतर संपूर्ण ताफ्याऐवजी फक्त बेल्ट लोडर आणि पुशबॅक ट्रॅक्टर यांच्यावर ॲप सुरू करायचे. तपासणीच्या याद्या यंत्रप्रकारानुसार वेगळ्या असतील, आणि त्या लिहिताना दोन चालक माझ्याबरोबर बसतील. चालकाच्या नोंदीला त्याच पाळीत ‘पाहिली’, ‘यंत्र सेवेतून काढले’ किंवा ‘अमुक कारणासाठी चालू ठेवले’ यांपैकी एक उत्तर नावानिशी देणे वर्कशॉपवर बंधनकारक राहील. कुलपाचा विषय तूर्त बाजूला ठेवला आहे. टेलिमॅटिक्स दुसऱ्या टप्प्यात, आणि जुन्या इंजिनांसाठी डी-प्लसची तार करारातच लिहून घेणार आहे.

जुना फोरमन

मसुदा ठीक आहे. ‘अमुक कारणासाठी चालू ठेवले’ या पर्यायाला मुदत घाला. अन्यथा सगळी यंत्रे अमुक कारणासाठी निवृत्तीपर्यंत चालू राहतील. दुसरे असे की भांडार याच प्रणालीत जोडलेले नसेल, तर जॉब कार्ड ‘भागाच्या प्रतीक्षेत’ या अवस्थेत पडून राहील आणि तो भाग मागवला आहे की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही.

संगणकीय

मुदतीच्या सूचनेला अनुमोदन. करारात आणखी एक कलम घालावे: सर्व नोंदी, फोटो आणि जोडलेल्या फाइलींसह, कोणत्याही क्षणी सर्वसाधारण स्वरूपात बाहेर काढता आल्या पाहिजेत, आणि हे प्रात्यक्षिकाच्या वेळीच त्यांच्याकडून करून दाखवून घ्यावे. तोंडी आश्वासन घेऊ नये. यंत्र १५-२० वर्षे चालते. सॉफ्टवेअरची कंपनी तेवढी टिकेलच असे नाही.

डॉलीवाला

टो-बारना क्रमांक देताना रंगाने लिहू नका. ठोकून घ्या.